पाचगणीचा फारोख, जगाचा फ्रेडी मर्क्युरी

बंगळुरू, २४ नोव्हेंबर : भारतातील रॉक संगीताची राजधानी असा लौकिक बंगळुरूने मिळविला आहे. येथील पॅलेस मैदानावर मार्च २००७ मध्ये ‘आयर्न मेडन’ या ब्रिटिश बँडने आणि ऑक्टोबर २०११ मध्ये ‘मेटालिका’ या अमेरिकन बँडने आपली कला सादर केली, तेव्हा देशाच्या अनेक राज्यांतून आलेल्या रसिकांनी ते मैदान फुलून गेले होते. परंतु ज्या रॉक गायकाचे कुमारवय सह्याद्रीच्या कुशीत गेले, ज्याने आपला पहिला बँड सातारा जिल्ह्यातील एका वसतिगृहात उभा केला, त्याचा ‘क्वीन’ हा बँड मात्र त्याच्या हयातीत भारतातील एकाही व्यासपीठावर उभा राहिला नाही. जगाला फ्रेडी मर्क्युरी या नावाने परिचित असलेल्या त्या गायकाचे २४ नोव्हेंबर १९९१ रोजी लंडन येथे वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षी निधन झाले.

फ्रेडी मर्क्युरी यांचे मूळ नाव फारोख बुलसारा. त्यांचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतच्या झांजिबार बेटावर, स्टोन टाउन येथे एका पारशी कुटुंबात झाला. कुटुंबाची मुळे गुजरातेत होती. बुलसारा हे आडनावही बुलसार, म्हणजे आजच्या वलसाडवरून आलेले. झांजिबार तेव्हा ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होते आणि वडील बोमी बुलसारा तेथील उच्च न्यायालयात रोखपाल होते. आई जेर आणि धाकटी बहीण काश्मिरा असे हे चौकोनी कुटुंब होते. घरात जरथुस्त्री धर्माचे आचार पाळले जात. फारोखचा नवजोत विधीही रीतसर झाला होता.

झांजिबारमधील सुस्थितीतील भारतीय कुटुंबे मुलांच्या शिक्षणासाठी मुंबई इलाख्याकडे पाहत. बुलसारा दांपत्यानेही तोच मार्ग धरला. वयाच्या आठव्या वर्षी फारोखला समुद्रमार्गे भारतात पाठविण्यात आले आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत त्याचे नाव घालण्यात आले. वाईहून पसरणीचा घाट चढून गेल्यावर लागणारे हे थंड हवेचे गाव निवासी शाळांसाठी तेव्हाही प्रसिद्ध होते. कृष्णेचे खोरे, टेबल लँडचे विस्तीर्ण पठार, पावसाळ्यातील दाट धुके आणि इंग्रजी शिस्तीतील वसतिगृह, अशा वातावरणात हा मुलगा वाढला. आई-वडिलांची भेट दीर्घ काळाने होई. सुटीत बहुधा मुंबईतील नातेवाइकांच्या घरी मुक्काम असे. एवढ्या लहान वयात वाट्याला आलेल्या या दुराव्याने त्याला स्वावलंबी केले, तसेच काहीसे अंतर्मुखही केले, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे.

शाळेत फारोखचे ‘फ्रेडी’ झाले आणि पुढे घरच्यांनीही तेच नाव स्वीकारले. चित्रकला, नाटक, टेबल टेनिस आणि मुष्टियुद्ध यांत त्याला गती होती; १९५८ मध्ये कनिष्ठ गटातील अष्टपैलू विद्यार्थ्याचा चषकही त्याने पटकावला. मात्र त्याचा खरा कल ओळखला तो मुख्याध्यापकांनी. या मुलाला संगीताची असामान्य जाण आहे आणि थोडे अधिक शुल्क भरल्यास त्याला पियानोचे शिक्षण देता येईल, असे त्यांनी पालकांना कळविले. पालकांनी होकार दिला. शास्त्र आणि वादन या दोन्ही अंगांच्या चौथ्या श्रेणीपर्यंत त्याने मजल मारली. रेडिओवर एकदा ऐकलेले गाणे लगोलग पियानोवर उतरविण्याची त्याची हातोटी सहाध्यायांच्या दीर्घकाळ स्मरणात राहिली.

याच शाळेत, वयाच्या साधारण बाराव्या वर्षी, चार मित्रांसह त्याने ‘द हेक्टिक्स’ हा बँड काढला. ब्रूस मरे, डेरिक ब्रँच, फरांग इराणी आणि व्हिक्टरी राणा हे त्याचे साथीदार. एल्विस प्रिस्ले, क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी ही मुले शाळेच्या समारंभांत वाजवीत. विशेष म्हणजे पुढे जगातील थोर गायकांत गणला गेलेला फ्रेडी या बँडचा मुख्य गायक नव्हता. तो मान ब्रूस मरे यांचा होता. फ्रेडी मागे पियानोवर बसे. पुढील आयुष्यात या पाच जणांच्या वाटा पार वेगळ्या झाल्या. डेरिक ब्रँच इंग्लंडमध्ये अभिनेते झाले, फरांग इराणी पुण्यात उपाहारगृह व्यवसायात नावारूपाला आले, तर व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात उच्च पदावर पोहोचले आणि सायप्रसमधील संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे सेनापती झाले. त्या वर्षांत मुंबईच्या चित्रपट संगीताचेही सूर फ्रेडीच्या कानांवर पडत होते. लता मंगेशकर यांच्या गायनाचा त्याच्या घडणीवर प्रभाव असल्याचा उल्लेख त्याच्या चरित्रांत आढळतो.

शालेय शिक्षणाचा अखेरचा काळ मुंबईत घालवून १९६३ मध्ये तो झांजिबारला परतला. पण घरचे सुख फार काळ लाभले नाही. जानेवारी १९६४ मध्ये झांजिबारमध्ये क्रांती झाली. सुलतानाची राजवट उलथली आणि अरब व भारतीय वंशाच्या हजारो लोकांना प्राणास मुकावे लागले. बुलसारा कुटुंबाने हाताला लागेल तेवढे सामान घेऊन इंग्लंड गाठले. लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळील फेल्टहॅम या साध्या वस्तीत त्यांचे नवे घर झाले. नोकरचाकर असलेल्या घरातून आलेल्या या कुटुंबाला परक्या देशात पुन्हा प्रारंभापासून संसार मांडावा लागला. तेव्हा फ्रेडी सतरा वर्षांचे होते.

त्यांनी प्रथम आयलवर्थ येथे आणि नंतर ईलिंगच्या कला महाविद्यालयात प्रवेश घेतला. १९६९ मध्ये आलेखन कलेची पदविका मिळविली. उदरनिर्वाहासाठी हीथ्रोवर सामानाची चढउतार करण्यापासून केन्सिंग्टनच्या बाजारात जुने कपडे विकण्यापर्यंत पडेल ते काम केले. याच काळात अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्स यांनी त्यांना झपाटून टाकले. वहीची पाने हेंड्रिक्सच्या रेखाचित्रांनी भरू लागली. ‘आयबेक्स’ आणि ‘सावर मिल्क सी’ या अल्पजीवी बँडमध्ये त्यांनी गायक म्हणून उमेदवारी केली. दोन्ही प्रयत्न फसले. पण त्यातून एक गोष्ट निश्चित झाली, की पियानोमागे बसणारा पाचगणीचा मुलगा आता रंगमंचाच्या मध्यभागी उभा राहण्यास सिद्ध झाला होता.

ईलिंगमधील सहाध्यायी टिम स्टॅफेल यांच्यामुळे फ्रेडींची ओळख ‘स्माइल’ या बँडशी झाली. गिटारवादक ब्रायन मे हे खगोलभौतिकीचे, तर ड्रमवादक रॉजर टेलर हे आधी दंतवैद्यकाचे आणि मग जीवशास्त्राचे विद्यार्थी. १९७० मध्ये स्टॅफेल बाहेर पडले आणि त्यांची जागा फ्रेडींनी घेतली. बँडचे नाव ‘क्वीन’ ठेवावे हा आग्रह त्यांचाच. इतरांना ते नाव धाडसी वाटत होते. फ्रेडींना त्यातील डौल हवा होता. त्याच सुमारास त्यांनी बुलसारा हे आडनाव सोडून मर्क्युरी हे नाव धारण केले. १९७१ मध्ये विद्युत तंत्राचे विद्यार्थी जॉन डीकन बास गिटारवर आले आणि चौकडी पूर्ण झाली. हे चौघे फ्रेडींच्या निधनापर्यंत, म्हणजे तब्बल वीस वर्षे, एकत्र राहिले. रॉकच्या इतिहासात अशी उदाहरणे मोजकीच सापडतील. बँडचे बोधचिन्हही फ्रेडींनीच रेखाटले. चौघांच्या राशींनुसार त्यात दोन सिंह, एक खेकडा आणि कन्या राशीसाठी दोन पऱ्या असून त्यांच्यावर पंख पसरलेला फिनिक्स पक्षी आहे.

पहिला अल्बम जुलै १९७३ मध्ये निघाला, पण त्याला बेताचाच प्रतिसाद मिळाला. १९७४ मध्ये अमेरिकेचा पहिला दौरा ब्रायन मे यांना झालेल्या काविळीमुळे अर्ध्यावर सोडावा लागला. त्याच वर्षीच्या ‘किलर क्वीन’ या गाण्याने मात्र बँडला ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत नेले. तरीही हाती पैसा नव्हता. व्यवस्थापकांशी झालेल्या करारात बँड अडकला होता आणि नावाजलेले हे चार कलावंत आठवड्याच्या तुटपुंज्या वेतनावर दिवस काढीत होते. या कोंडीतून सुटका झाल्यावर त्यांनी जे साहस केले, त्याने रॉक संगीताचा प्रवाह बदलला.

ते साहस म्हणजे १९७५ चे ‘बोहेमियन रॅप्सडी’. पाच मिनिटे ५५ सेकंदांचे हे गाणे सर्वस्वी फ्रेडींच्या कल्पनेतून साकारले. आरंभी संथ गायन, मग पियानोच्या साथीने विलापगीत, मध्ये ऑपेराचा खंड, त्यानंतर धगधगते रॉक आणि शेवटी पुन्हा शांतता, अशी त्याची रचना होती. त्यात ध्रुवपद असे काहीच नव्हते. ऑपेराच्या भागासाठी फ्रेडी, मे आणि टेलर या तिघांनी आपलेच आवाज एकावर एक इतक्या वेळा ध्वनिमुद्रित केले, की फिती झिजून पारदर्शक होण्याची वेळ आली. एवढे लांब गाणे रेडिओवर कोणी लावणार नाही, अशी ध्वनिमुद्रिका कंपनीची धारणा होती. फ्रेडी एक सेकंदही कापू देण्यास तयार नव्हते. अखेर लंडनच्या कॅपिटल रेडिओवरील निवेदक केनी एव्हरेट यांनी दोन दिवसांत ते चौदा वेळा वाजविले आणि श्रोत्यांनी दुकानांत रांगा लावल्या. ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे ते पहिल्या क्रमांकावर राहिले. त्यासाठी बनविलेली चित्रफीत पुढील काळातील संगीत-चित्रफितींची मार्गदर्शक ठरली.

त्यानंतरचे दशक ‘क्वीन’चे होते. सप्टेंबर १९७६ मध्ये लंडनच्या हाइड पार्कमधील विनामूल्य कार्यक्रमाला दीड लाखांच्या आसपास लोक लोटले. १९७७ मध्ये मे यांचे ‘वी विल रॉक यू’ आणि फ्रेडींचे ‘वी आर द चॅम्पियन्स’ ही जोडगाणी आली. आज जगातील बहुतेक क्रीडांगणांवर ती ऐकू येतात. दोन्हींची कल्पना एकच होती, श्रोत्यांनाच गायक-वादक करण्याची. १९७८ च्या ‘मुस्तफा’ या गाण्यात फ्रेडींनी अरबी आणि फारसी शब्दांची पेरणी केली. झांजिबारच्या गल्ल्यांतील अजान आणि घरातील पारशी प्रार्थना यांचा दूरचा पडसाद त्यात ऐकू येतो. १९८० मध्ये फ्रेडींचे ‘क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह’ आणि डीकन यांचे ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ या दोन गाण्यांनी अमेरिकेत पहिला क्रमांक मिळविला. १९८१ मध्ये ब्राझीलमधील साओ पावलो येथे एका रात्री एक लाख ३१ हजार श्रोत्यांसमोर बँडने गायन केले. त्याच वर्षी निघालेला ‘ग्रेटेस्ट हिट्स’ हा संग्रह ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेला अल्बम ठरला. त्यातील सतरा गाण्यांपैकी दहा गाणी एकट्या फ्रेडींची आहेत.

यशाच्या या आलेखात एक डागही आहे. ऑक्टोबर १९८४ मध्ये ‘क्वीन’ने वर्णद्वेषी राजवटीखालील दक्षिण आफ्रिकेत सन सिटी येथे कार्यक्रम केले. जगभरातील कलावंतांनी त्या देशावर सांस्कृतिक बहिष्कार टाकलेला असताना घेतलेला हा निर्णय कठोर टीकेचा विषय झाला. संयुक्त राष्ट्रांच्या निषेध-यादीत बँडचे नाव गेले. वर्णभेदाचा अनुभव ब्रिटनमधील स्थलांतरित पारशी मुलाला नवा नसणार. म्हणूनच ही चूक अधिक बोचणारी होती.

बँडची लोकप्रियता ओसरत असल्याची चर्चा सुरू झाली असतानाच १३ जुलै १९८५ चा दिवस उजाडला. इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी लंडनच्या वेम्बली मैदानावर ‘लाइव्ह एड’ हा महाकार्यक्रम झाला. प्रत्येक बँडला अवघी वीस-एक मिनिटे होती.  ‘क्वीन’ने मात्र त्याची काटेकोर तालीम केली होती. पांढरी बंडी घातलेले फ्रेडी पियानोवर बसले आणि पुढील २१ मिनिटे ७२ हजार लोक त्यांच्या मुठीत होते. दिवसाढवळ्या, रोषणाईच्या साह्याविना, केवळ आवाजाच्या बळावर त्यांनी समूहाकडून सूर वदवून घेतले. कीर्तनकार श्रोत्यांकडून जसा गजर करवून घेतो, तसाच तो संवाद होता. रॉक संगीतातील सर्वश्रेष्ठ प्रत्यक्ष सादरीकरण म्हणून त्या २१ मिनिटांचा निर्वाळा पुढे अनेक कलावंतांनी आणि समीक्षकांनी दिला.

पुढच्याच वर्षी जुलै १९८६ मध्ये ‘क्वीन’ने बुडापेस्ट येथे, पोलादी पडद्याआडच्या हंगेरीत कार्यक्रम केला. तळहातावर शब्द लिहून घेऊन फ्रेडींनी तेथील एक लोकगीत हंगेरियन भाषेत गायिले आणि मैदान भारावून गेले. ९ ऑगस्ट १९८६ रोजी इंग्लंडमधील नेबवर्थ येथे दौऱ्याची सांगता झाली. हा त्यांचा बँडसमवेतचा अखेरचा जाहीर कार्यक्रम ठरेल, हे त्या लाखभर श्रोत्यांना ठाऊक नव्हते.

रंगमंचावरील हा सम्राट व्यक्तिगत जीवनात लाजाळू होता. वरच्या जबड्यात चार दात अधिक असल्याने ओठ पुढे येत आणि बोलताना ते हाताने तोंड झाकीत. दात काढल्यास आवाज बिघडेल या भीतीने त्यांनी शस्त्रक्रिया कधीच करून घेतली नाही. मुलाखती ते क्वचित देत. पाचगणी, मुंबई, झांजिबार यांविषयी तर ते जवळजवळ बोलतच नसत. सत्तरच्या दशकातील ब्रिटनमध्ये दक्षिण आशियाई स्थलांतरितांविषयी उघड द्वेष होता. रॉकच्या जगात तर गौरेतर चेहरे फारच थोडे होते. आपली ओळख आपल्या कलेनेच व्हावी, असा त्यांचा बाणा असावा. मेरी ऑस्टिन यांच्याशी त्यांचे प्रेमसंबंध काही वर्षांनी संपले, पण त्यांची मैत्री आजन्म टिकली. केन्सिंग्टनमधील ‘गार्डन लॉज’ हे राहते घरही त्यांनी मेरी यांनाच ठेवले. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत जिम हटन हे त्यांचे सहचर होते. आपल्या समलैंगिकतेविषयी फ्रेडींनी जाहीर भाष्य टाळले. पारशी धर्माच्या मर्यादेत वाढलेल्या कुटुंबाविषयीचा आदर हे त्याचे एक कारण मानले जाते.

१९८७ मध्ये त्यांना एड्स झाल्याचे निदान झाले. या रोगाभोवती तेव्हा भयाचे आणि बदनामीचे वलय होते. भारतात विषाणूची लागण झालेल्या पहिल्या व्यक्ती १९८६ मध्ये चेन्नईत आढळल्या होत्या आणि येथेही समाज तितकाच भेदरलेला होता. प्रभावी संयुक्त औषधोपचार उपलब्ध होण्यास १९९६ साल उजाडावे लागले. फ्रेडींच्या हाती तेवढा अवधी नव्हता. त्यांनी बँडच्या सोबत्यांना विश्वासात घेतले आणि उरलेला काळ कामाला वाहिला. स्पेनच्या विख्यात ऑपेरा गायिका मोन्सेरात काबाये यांच्यासमवेत त्यांनी १९८८ मध्ये ‘बार्सिलोना’ हा अल्बम पूर्ण केला. रॉक आणि ऑपेरा या दोन परंपरांना एकत्र आणण्याचे त्यांचे जुने स्वप्न त्याने साकार झाले.

शरीर खंगत होते, उभे राहणेही कष्टाचे झाले होते, वृत्तपत्रांचे छायाचित्रकार घराबाहेर ठाण मांडून बसले होते. अशा स्थितीत स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथील ध्वनिमुद्रणगृहात ते जमेल तितके गात राहिले. ‘द शो मस्ट गो ऑन’ हे मुख्यतः मे यांनी रचलेले गाणे त्यांना या प्रकृतीत पेलेल की नाही, याविषयी शंका होती. फ्रेडींनी ते पूर्ण ताकदीने गायिले. फेब्रुवारी १९९१ मध्ये आलेल्या ‘इन्युएन्डो’ अल्बमच्या अखेरीस ते ऐकावयास मिळते. त्यांनी मागे ठेवलेल्या आवाजावर बँडने १९९५ मध्ये ‘मेड इन हेवन’ हा अल्बम पूर्ण केला.

२३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्यांनी निवेदनाद्वारे आपल्या आजाराची प्रथमच जाहीर कबुली दिली. त्यानंतर सुमारे एका दिवसातच त्यांची प्राणज्योत मालवली. जन्माने लाभलेला धर्म त्यांनी रंगमंचावर कधी मिरविला नव्हता. परंतु २७ नोव्हेंबरला झालेले अंत्यविधी पारशी धर्मगुरूंच्या अवेस्ता पठणाने पार पडले. आयुष्यभर मागे ठेवलेले बुलसारा कुटुंबाचे संस्कार अखेरच्या प्रवासात त्यांच्यासोबत होते. मुलाला आठव्या वर्षी बोटीत बसवून देणाऱ्या वृद्ध आई-वडिलांवर त्याला निरोप देण्याची वेळ आली.

त्यांच्या निधनाच्या सुमारास रॉक संगीत कूस बदलत होते. दोनच महिन्यांपूर्वी, सप्टेंबर १९९१ मध्ये, अमेरिकेतील ‘निर्वाणा’ या बँडचा ‘नेव्हरमाइंड’ अल्बम निघाला होता आणि भपक्याला नकार देणाऱ्या ‘अल्टरनेटिव्ह’ रॉकचे युग सुरू झाले होते. फ्रेडींचा राजेशाही थाट आणि या नव्या पिढीचा साधा, उदास बाज ही दोन टोके भासतात. तथापि, ‘निर्वाणा’चे गायक कर्ट कोबेन यांनी १९९४ मध्ये जगाचा निरोप घेताना लिहिलेल्या पत्रात फ्रेडींचे नाव आहे. श्रोत्यांच्या प्रेमात मनसोक्त न्हाऊन निघण्याची फ्रेडींची क्षमता आपल्यात नाही, याची खंत त्यात व्यक्त झाली आहे.

२० एप्रिल १९९२ रोजी वेम्बलीवरच फ्रेडींना संगीतमय आदरांजली वाहण्यात आली. एड्सविषयी जागृतीसाठी झालेल्या या कार्यक्रमातून ‘मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट’ ही संस्था उभी राहिली आणि तिने जगभर या रोगाविरुद्धच्या कार्याला साह्य केले. बोधचिन्हावर त्यांनी कधीकाळी रेखाटलेला फिनिक्स असा अर्थपूर्ण ठरला. त्यांच्या जीवनावरील २०१८ च्या ‘बोहेमियन रॅप्सडी’ या चित्रपटाने चार ऑस्कर पुरस्कार मिळविले. मात्र त्याचे कथानक १९७० पासून सुरू होते आणि पाचगणीची वर्षे पडद्याबाहेरच राहतात.

वेम्बलीवरील त्या आदरांजलीची सुरुवात ज्या बँडने केली, तो ‘मेटालिका’ होता. एकोणीस वर्षांनी तोच बँड बंगळुरूच्या पॅलेस मैदानावर उभा राहिला, तेव्हा हजारो भारतीय तरुणांनी त्याच्या सुरात सूर मिसळला. पाचगणीहून निघालेला आवाज स्वतः परत आला नाही. परंतु हजारोंच्या गर्दीला एका सुरात गावयास लावण्याची जी रीत फ्रेडी मर्क्युरी यांनी रॉक संगीताला दिली, तिचा प्रत्यय भारतातील मैदानांवरही आज येतो.